उष्णोपचार केलेल्या पोलादाचे बल आणि तन्यता: एक वाढवताना दुसरे गमवावेच लागते का?

भोसरीचा_टर्नर

नमस्कार मंडळी. भोसरीत आमचा यंत्रकामाचा लहान कारखाना आहे. गिअरबॉक्सचे आउटपुट शाफ्ट आम्ही ईएन-२४ या निकेल-क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त मिश्र पोलादापासून बनवतो. व्यास ६० मिलिमीटर, लांबी ३२० मिलिमीटर. रफ टर्निंग झाल्यावर माल हार्डनिंग (लाल तापवून तेलात विझवणे) आणि टेम्परिंगसाठी (नंतर पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा कमी करणे) बाहेर जातो आणि परत आल्यावर फिनिश टर्निंग व ग्राइंडिंग आमच्याकडे होते. ग्राहकाची अट अशी आहे: कठीणपणा ३७ ते ४० एचआरसी (रॉकवेल सी मापावर), ताणबल किमान ११५० मेगापास्कल, तुटेपर्यंत लांबीतील वाढ (म्हणजे तन्यता) किमान १२ टक्के आणि चार्पी चाचणीत (आघाताने नमुना मोडून चिवटपणा मोजण्याची चाचणी) किमान ३५ जूल.

गेल्या दोन लॉटमध्ये कठीणपणा ३८-३९ आला, ताणबल ११८० आले, यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा ताणला जाऊ लागतो) ८९० आले, परंतु लांबीतील वाढ फक्त ८ टक्के आणि चार्पी १६ जूल. ग्राहकाने १८० शाफ्ट परत पाठवले आहेत. हीट ट्रीटमेंटवाले म्हणतात, ‘कठीणपणा मागितला तेवढा दिला, तन्यता हवी असेल तर कठीणपणा कमी करून मागा.’ कठीणपणा कमी केला तर ताणबल ११५० च्या खाली जाणार. म्हणजे एक हात धरला की दुसरा सुटतो. बल आणि तन्यता दोन्ही एकाच वेळी सुधारण्याचा मार्ग खरोखर आहे का, की ग्राहकाची अटच अवाजवी आहे?

गिरणगावकर

पोलाद नक्की ईएन-२४च आहे ना? बारला लावलेला रंग पाहून विश्वास ठेवू नका. ईएन-१९ आणि ईएन-२४ ची सरमिसळ मी स्वतः दोनदा पाहिली आहे.

भोसरीचा_टर्नर

स्पेक्ट्रो तपासणी करून घेतली आहे. कार्बन ०.३९, निकेल १.४२, क्रोमियम १.१२, मॉलिब्डेनम ०.२४, फॉस्फरस ०.०२१, गंधक ०.०२४ टक्के. पोलाद बरोबर आहे.

निवृत्त_धातुशास्त्री

ग्राहकाची अट अवाजवी नाही, हे आधी स्पष्ट करतो. आपल्या ईएन-२४ चा जवळचा भाऊ असलेल्या ४३४० या पोलादाचे आकडे कोणत्याही हँडबुकात मिळतात. तेलात विझवून ४२५ अंशांवर टेम्पर केल्यास ताणबल सुमारे १४७० मेगापास्कल आणि वाढ १० टक्के. ५४० अंशांवर ११७० आणि १३ टक्के. ६५० अंशांवर ९६५ आणि १९ टक्के. तुमच्या ग्राहकाने ५४० अंशांच्या आसपासची जागा मागितली आहे आणि हे पोलाद ती निमूटपणे देते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. टेम्परिंगचे तापमान वरखाली केल्याने आपण एकाच रेषेवर पुढेमागे सरकतो, म्हणजे बल दिले की तन्यता मिळते आणि तन्यता दिली की बल मिळते. तुमचे हीट ट्रीटमेंटवाले या रेषेबद्दलच बोलत आहेत आणि तेवढ्यापुरते ते खरे आहे. पण ती रेषा कुठे आखली जाणार हे टेम्परिंगच्या आधीच ठरलेले असते: पोलाद किती स्वच्छ आहे, धातूचे स्फटिककण किती बारीक आहेत आणि क्वेंचिंगमध्ये (विझवताना) संपूर्ण मार्टेन्साइट, म्हणजे झटकन थंड केल्याने होणारी कठीण रचना, तयार झाले की नाही, यांवरून. तुमचे पोलाद त्या रेषेच्या बरेच खाली पडले आहे. म्हणून रेषेवर कुठे उभे राहावे हा तुमचा प्रश्न नाही. तुम्ही रेषेवरच का नाही, हा आहे.

मला तीन गोष्टी हव्या आहेत. विझवल्यानंतर आणि टेम्परिंगच्या आधी कठीणपणा किती होता? टेम्परिंग नेमके किती अंशांवर झाले? टेम्परिंगनंतर माल कसा थंड केला?

सातपूरचा_भट्टीवाला

मी नाशिकला हीट ट्रीटमेंटच्याच कामात आहे, त्यामुळे दुसरी बाजूही मांडतो. आमच्या धंद्यात दर किलोवर ठरतो. कारखानदार दर रुपया-आठ आण्यांनी पाडून मागतात आणि मग तपासणी अहवालात फक्त अंतिम कठीणपणा लिहून घेतात. विझवल्यानंतरचा कठीणपणा मला आजवर चार-पाच ग्राहकांनीच विचारला असेल. जे कोणी विचारत नाही ते कोणी मोजत नाही. यात एकट्या भट्टीवाल्याला दोष देणे न्याय्य नाही.

भोसरीचा_टर्नर

सातपूरकर, आपले म्हणणे मान्य आहे. आमच्या ऑर्डरवर खरोखरच फक्त ‘३७-४० एचआरसी’ एवढेच लिहिलेले असते. धातुशास्त्री सर, आपले तिन्ही प्रश्न मी उद्या सकाळी जाऊन विचारतो.

कराडची_बांधकामवाली

मी स्थापत्य अभियंता आहे. विषय शाफ्टचा आहे हे माहीत असूनही लिहिते, कारण हाच प्रश्न आमच्याकडे घराघरांत वापरल्या जाणाऱ्या टीएमटी सळईने सोडवलेला आहे. लाटण यंत्राच्या शेवटच्या स्टँडमधून लाल सळई बाहेर आली की ती जोरदार पाण्याच्या फवाऱ्यातून जाते आणि तिची बाहेरची साल विझून मार्टेन्साइट होते. नंतर कूलिंग बेडवर गाभ्यात उरलेली उष्णता बाहेर येते आणि तीच साल आपोआप टेम्पर करते. गाभा मात्र हळू थंड होऊन मऊ, तन्य फेराइट-पर्लाइट राहतो. सळई आडवी कापून, घासून, नायटलमध्ये (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलच्या द्रावणात) बुडवली की बाहेरचे काळपट कडे आणि आतला फिकट गाभा डोळ्यांनी दिसतो. ते कडे सर्व बाजूंनी सारख्या जाडीचे नसेल, तर फवाऱ्यात गडबड आहे असे आम्ही समजतो.

आयएस १७८६ या भारतीय मानकाप्रमाणे एफई-५०० सळईत किमान वाढ १२ टक्के, तर एफई-५००डी मध्ये १६ टक्के लागते. यील्डची किमान अट दोन्हींना तीच, ५०० मेगापास्कल. हा फरक मुख्यतः कार्बन, गंधक आणि फॉस्फरस यांच्या कडक मर्यादांमुळे साधतो. कोयनेच्या परिसरात काम करताना ते ४ टक्के मला फार मोलाचे वाटतात, कारण भूकंपात सळईने तुटण्याआधी ताणले जाणे हीच इमारतीतल्या माणसांना मिळणारी सवड असते.

गिरणगावकर

ताई, फार उपयुक्त माहिती. म्हणूनच टीएमटी सळई लेथवर टर्न करून बोल्ट करू नये असे म्हणतात का?

कराडची_बांधकामवाली

होय. टर्निंगमध्ये नेमके ते मजबूत कडेच निघून जाते आणि हातात मऊ गाभा उरतो.

वाळव्याचा_ऐरणवाला

कराडताईंचे वाचून आजोबांची आठवण झाली. आमच्या घरात तीन पिढ्या लोहारकाम आहे आणि ऊसतोडणीचे कोयते हा मुख्य धंदा. ट्रकच्या जुन्या पाट्याचा कोयता सगळ्यांत चांगला, हे आमच्या भागात लहान मूलही सांगेल. आजोबा पूर्ण कोयत्याला कधीच पाणी देत नसत. भात्यावर धारेची बाजू लाल करायची, फक्त धार बोटभर पाण्यात बुडवायची, चर्र आवाज थांबण्याआधी बाहेर काढायची आणि विटेच्या तुकड्याने चटकन एक पट्टा घासून पांढरा करायचा. मग पाठीत राहिलेली उष्णता धारेकडे चालत येते आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग धावू लागतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा. कोयत्यासाठी जांभळा धारेवर पोचला की पुन्हा पाण्यात. निळा निघून गेला तर धार वळते, पिवळ्यावरच थांबलो तर उसाच्या कांडीवर धारेचा टवका उडतो. आजोबा हे काम नेहमी छपराच्या सावलीत करत, कारण उन्हात रंग नीट कळत नाही.

पाठ मऊ आणि धार कडक. एकाच तुकड्यात दोन्ही गुण, पण वेगवेगळ्या जागी.

निवृत्त_धातुशास्त्री

ऐरणवाले, हे वर्णन मी विद्यार्थ्यांना वाचून दाखवावे इतके अचूक आहे. पिवळा म्हणजे साधारण २२० ते २३० अंश, जांभळा २७५ च्या आसपास आणि निळा ३०० च्या आगेमागे. मात्र एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. कोयता आणि टीएमटी यांत बल एका जागी आणि तन्यता दुसऱ्या जागी ठेवलेली आहे. भोसरीकरांना दोन्ही एकाच जागी, म्हणजे शाफ्टच्या साल ते गाभा अशा सर्व छेदात हवे आहे.

त्यासाठी सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे कण बारीक करणे. पोलादाचे बल वाढवण्याचे इतर बहुतेक उपाय चिवटपणा कमी करतात. कण बारीक केले तर दोन्ही वाढतात. हॉल यांनी १९५१ मध्ये आणि पेच यांनी १९५३ मध्ये कणाचा आकार आणि बल यांचे नाते मांडले, ते आजही आपण रोज वापरतो. धातू वाकताना आतली विस्थापने (स्फटिकरचनेतले रेषेसारखे दोष) सरकतात आणि कणसीमेपाशी अडतात, म्हणून सीमा जास्त तितके बल जास्त. त्याच सीमांवर पुढे जाणाऱ्या भेगेला दिशा बदलावी लागते, म्हणून चिवटपणाही जास्त. फोर्जिंगमध्ये १२०० अंशांच्या वर तापवलेला तुकडा तसाच हार्डनिंगला टाकला तर जाड कण तसेच पुढे येतात. आधी ८७० अंशांच्या आसपास नॉर्मलायझिंग (तापवून हवेत थंड करणे) करून घ्यावे आणि हार्डनिंगला ८४० ची गरज असताना ‘नीट तापू दे’ म्हणून ९०० वर नेऊ नये.

आखेनहून_मृणाल

मी जर्मनीत पोलादावरच संशोधन करते. सरांच्या रेषेच्या कल्पनेला थोडे पुढे नेते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ही रेषा वर उचलण्याचे सर्वांत यशस्वी प्रयत्न उर्वरित ऑस्टेनाइटवर (लाल तापलेल्या पोलादाची, विझवल्यावरही न बदलता उरलेली रचना) आधारलेले आहेत. शाळेत आपण शिकलो की क्वेंचिंगनंतर उरलेले ऑस्टेनाइट म्हणजे दोष. पण स्पीअर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘क्वेंचिंग आणि पार्टिशनिंग’ ही पद्धत मांडली. तीत पोलाद मुद्दाम अर्धवट विझवतात, मग थोडे तापवून मार्टेन्साइटमधला कार्बन शेजारच्या ऑस्टेनाइटमध्ये जाऊ देतात. कार्बनने भरलेले हे ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानालाही टिकते आणि तुकडा ताणला जाऊ लागला की जिथे ताण जास्त तिथेच त्याचे मार्टेन्साइट होते. म्हणजे जो भाग मान बारीक करून तुटणार, तोच ऐन वेळी कणखर होतो. सिमेंटाइट (लोहाचे कार्बाइड) तयार होऊन कार्बन वाया जाऊ नये म्हणून त्यात साधारण दीड टक्का सिलिकॉन ठेवतात.

हाँगकाँगच्या हुआंग मिंगशिन यांच्या गटाने २०१७ मध्ये सुमारे १० टक्के मँगनीज असलेल्या पोलादात २.२ गिगापास्कल यील्ड आणि १६ टक्के एकसमान वाढ एकत्र मिळवून दाखवली. केंब्रिजचे हर्षद भदेशिया आणि सहकाऱ्यांनी दुसरी वाट धरली: २०० अंशांवर कित्येक दिवस ठेवून इतके बारीक बेनाइट (मार्टेन्साइटपेक्षा सावकाश तयार होणारी रचना) वाढवायचे की त्याच्या पट्ट्या काही दशक नॅनोमीटर जाडीच्या राहतात. हे सगळे मी वाचकांच्या कुतूहलासाठी लिहिते आहे. भोसरीकरांच्या १८० शाफ्टना यांतले काहीही लागू होणार नाही, कारण त्यांच्या पोलादाचे रसायनच वेगळे आहे.

गिरणगावकर

मग इस्रोवाले वापरतात ते मॅरेजिंग पोलाद का घेऊ नये? बल आणि चिवटपणा दोन्ही मिळतात.

आखेनहून_मृणाल

मिळतात, आणि उदाहरणही योग्य आहे. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्याचे मोटर केसिंग मॅरेजिंग पोलादाचे असते. त्यात कार्बन जवळजवळ नसतोच. मऊ, निकेलयुक्त मार्टेन्साइट ४८० अंशांवर काही तास ठेवले की त्यात निकेल, मॉलिब्डेनम, टायटॅनियम यांचे अतिसूक्ष्म कण निघतात आणि त्यांनी बल येते. पण १८ टक्के निकेल आणि ८ टक्के कोबाल्टची किंमत गिअरबॉक्सच्या शाफ्टला परवडणार नाही, आणि ११५० मेगापास्कलसाठी त्याची गरजही नाही.

चाकणचा_क्वालिटीवाला

सरांच्या तिसऱ्या प्रश्नाला जोडून लिहितो. निकेल-क्रोमियम पोलाद टेम्परिंगनंतर ३७५ ते ५७५ अंशांच्या पट्ट्यातून हळूहळू थंड झाले तर फॉस्फरस, अँटिमनी, कथील यांसारखी द्रव्ये जुन्या ऑस्टेनाइटच्या कणसीमांवर जमतात आणि पोलाद ठिसूळ होते. कठीणपणात काहीच फरक दिसत नाही, ताणचाचणीही बहुतेक वेळा बरी येते, चार्पी मात्र कोसळते. मॉलिब्डेनममुळे ईएन-२४ ला हा धोका कमी, पण शून्य नाही. भट्टी बंद करून माल रात्रभर आतच ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे. ६०० च्या वर पुन्हा तापवून पटकन थंड केले की हा दोष निघून जातो.

मात्र यात एक गोष्ट जुळत नाही. भोसरीकरांच्या नमुन्यात लांबीतील वाढसुद्धा कमी आहे आणि यील्ड तर फारच कमी आहे.

निवृत्त_धातुशास्त्री

चाकणकरांनी नेमके बोट ठेवले. यील्ड ८९० आणि ताणबल ११८०, म्हणजे गुणोत्तर सुमारे ०.७५. पूर्ण विझलेल्या आणि ५४० च्या आसपास टेम्पर केलेल्या ईएन-२४ मध्ये ते ०.९ च्या आसपास असते. माझा संशय दाट होत चालला आहे, पण भोसरीकरांची वाट पाहू.

भोसरीचा_टर्नर

आज दिवसभर हीट ट्रीटमेंटमध्ये उभा होतो. त्यांनी मोकळेपणाने सगळे दाखवले याबद्दल त्यांचे आभार मानतो.

शाफ्ट बास्केटमध्ये आडवे, एकावर एक तीन थरांत रचलेले होते. बास्केट तेलात उतरली तेव्हा वरच्या थराभोवती तेल उसळले, पण मधल्या थराच्या फटींतून बराच वेळ फक्त बुडबुडे आणि धूर येत राहिला. तेल ढवळणाऱ्या दोन पंख्यांपैकी एक बंद होता. त्याआधीची बास्केट निघून वीस मिनिटेही झाली नव्हती आणि तेलाचे तापमान ९५ अंश दाखवत होते. विझवल्यानंतरचा कठीणपणा मोजण्याची पद्धत नव्हती, म्हणून मी विनंती करून तीन शाफ्ट काढून, टोकाला पृष्ठभाग घासून मोजून घेतले: वरच्या थरातला ५३, मधल्या थरातले दोन ४४ आणि ४५ एचआरसी.

टेम्परिंग ४३० अंशांवर होते. मी कारण विचारले तर ते म्हणाले, ‘५४० ला टाकले तर तुमचा माल ३३-३४ वर येतो, म्हणून आम्ही अनुभवाने खाली आणले.’

निवृत्त_धातुशास्त्री

हेच होते. ०.३९ टक्के कार्बनचे पोलाद पूर्ण विझले तर ५४ ते ५७ एचआरसी आलेच पाहिजे. ४४ आले याचा अर्थ मधल्या शाफ्टभोवती वाफेचे पांघरूण फार वेळ टिकले, थंड होण्याचा वेग पडला आणि मार्टेन्साइटऐवजी मोठ्या प्रमाणात वरच्या तापमानाचे बेनाइट तयार झाले. त्यातले कार्बाइड जाडेभरडे असते आणि भेग त्याच्या कडेकडेने सहज धावते. असा माल ५४० वर टाकला की कठीणपणा ३३-३४ वर जातो. म्हणून तापमान उतरवून ३८ गाठले गेले. यांत्रिक अहवालात ‘३८ एचआरसी’ हा आकडा अगदी बरोबर दिसतो, पण त्या आकड्यापर्यंत पोचण्याच्या दोन वाटा आहेत. ५५ वरून ५४० अंशांनी उतरून आलेले ३८ आणि ४४ वरून ४३० अंशांनी उतरून आलेले ३८, ही दोन वेगळी पोलादे आहेत. शिवाय ४०० च्या आसपासचे टेम्परिंग हे २५० ते ४०० या ठिसूळपणाच्या पट्ट्याच्या काठावर येते, तेही टाळलेलेच बरे.

सातपूरचा_भट्टीवाला

अनुभवाने सांगतो, असे शाफ्ट उभे टांगा किंवा एका थरात, दोन शाफ्टमध्ये किमान एका व्यासाइतकी जागा सोडून रचा. तेल ५० ते ७० अंशांत ठेवा आणि दोन्ही पंखे चालू ठेवा. वजन कमी बसेल, त्यामुळे दर वाढेल. तो भोसरीकरांनी द्यावा. आणि क्वेंचिंगनंतर माल हाताला सोसवेल इतका थंड झाला की लगेच टेम्परिंगला टाका, रात्रभर ठेवू नका, नाहीतर तडे जातात.

गिरणगावकर

एवढे करण्यापेक्षा पाण्यातच विझवले तर?

सातपूरचा_भट्टीवाला

कृपया नको. की-वेच्या (शाफ्टवर चावी बसवण्याच्या खाचेच्या) कोपऱ्यातून तडा जाईल आणि तो ग्राइंडिंगच्या वेळी दिसेल. ईएन-२४ ला ६० मिलिमीटरसाठी तेल पुरेसे आहे, फक्त ते प्रत्येक शाफ्टपर्यंत पोचले पाहिजे.

चाकणचा_क्वालिटीवाला

परत आलेले १८० शाफ्ट भंगारात टाकू नका. फिनिशिंगला पुरेसा माल शिल्लक असेल तर नॉर्मलायझिंग करून पुन्हा हार्डनिंग करता येईल. पृष्ठभागावरचा कार्बन जळाला आहे का, ते मात्र एक शाफ्ट कापून तपासा.

भोसरीचा_टर्नर

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. परत आलेल्या शाफ्टांपैकी ज्यांच्या अंगावर दीड मिलिमीटर माल होता असे ४० निवडले. ८७० वर नॉर्मलायझिंग, ८४० वर हार्डनिंग, उभे टांगून, तेल ६०, दोन्ही पंखे चालू. यावेळी मी स्वतः काठावर उभा होतो. सगळ्या शाफ्टभोवती तेल एकदम उसळले आणि अर्ध्या मिनिटात बुडबुडे शांत झाले. विझवल्यानंतरचा कठीणपणा पाच शाफ्टवर मोजला: ५४ ते ५६. टेम्परिंग ५५० वर दोन तास, नंतर मोकळ्या हवेत.

प्रयोगशाळेचा अहवाल आज आला. कठीणपणा ३८, ताणबल ११९०, यील्ड १०७०, वाढ १४ टक्के, चार्पीचे तीन नमुने ४६, ४९ आणि ५१ जूल. कठीणपणा जुन्या लॉटचाच. तुटलेले दोन्ही चार्पी नमुने टेबलावर शेजारी ठेवले आहेत: जुना साखरेच्या दाण्यासारखा चमकणारा, सपाट, नवा करड्या मखमलीसारखा, कडा बाजूला ओढलेल्या. ऑर्डरच्या कागदावर आता विझवल्यानंतर किमान ५३ एचआरसी ही ओळ छापून घेतली आहे आणि दर किलोमागे ४ रुपये वाढवून दिला आहे.

वाळव्याचा_ऐरणवाला

त्या दोन तुकड्यांचा फोटो टाका दादा. मोडलेल्या पाट्याची मोड बघूनच आजोबा ठरवत, याचा कोयता होईल की नाही.

चाकणचा_क्वालिटीवाला

यील्डचे गुणोत्तर ०.९० झाले! अभिनंदन. उरलेल्या १४० मधल्या किती शाफ्टवर अजून पुरेसा माल आहे?

भोसरीचा_टर्नर

मोजून झाले नाही. अंदाजे ९० निघतील. बाकीच्यांचा व्यास ५५ च्या दुसऱ्या मॉडेलसाठी उतरवता येतो का, ते ग्राहकाला विचारले आहे. ऐरणवाले दादा, फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.